सुलनबाईच्या पिक्चरमधली हाक

"आत्याबाई, कानाला काय लावताय? बघायचं असतंय ते!"

"गप गं. ऐकू दे."

माझ्या सासूबाई अंबूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, माझा मोबाइल कानाशी घट्ट दाबून भिंतीला टेकून बसल्या होत्या. मोबाइलवर पिक्चरचा ट्रेलर चालला होता. त्यात आगगाडी होती, धूर होता, तोफा धडाडत होत्या, पांढऱ्या टोपीतली फ्रेंच नर्स डोळ्यांत पाणी आणून आमच्याकडच्या फेटेवाल्या सोल्जरकडे बघत होती. परदेशात म्हणे लोक तेवढं बघूनच वेडे झाले होते. आणि आमच्या सासूबाई ते सगळं कानानं बघत होत्या!

ट्रेलर संपला. त्यांनी फोन पदराला पुसला आणि माझ्या हातात दिला.

"न्हाई गं."

"पुन्हा लावू का?"

"कितींदा लावशील? निस्ता बाजा वाजतोय. त्यो मुंबैचा पोरगा तोंड उघडतोय का न्हाई तवर बाजा सुरू. ह्यांचा आवाज न्हाईच."

दारातल्या खुर्चीत मामंजी, म्हणजे माझे सासरे, बसले होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं, डावा हात हवेत उडवला आणि म्हणाले, "च्यायला!"

तुम्ही हसाल, पण त्या दिवसांत आमच्या घरात या शब्दाला फार किंमत होती. कारण मामंजींकडे तेवढा एकच शब्द शिल्लक राहिला होता.

सगळं सांगते. रहिमतपूरपासून थोडं आत आमचं गाव. घरटी एक माणूस लष्करात, आणि उरलेले ऊस आणि राजकारण यांत. मामंजी हवालदार म्हणून रिटायर झाले. माझा नवरा जयराज आत्ता राजस्थानात बॉर्डरवर आहे. मी सांगलीच्या खणभागातली. लग्न होऊन इथं आले तेव्हा वाटलं होतं, या गावात काही म्हणता काही घडणार नाही. आणि गेल्या मार्गशीर्षात फ्रान्सहून आख्खी पिक्चर कंपनी येऊन आमच्या माळावर उतरली.

पिक्चर पहिल्या महायुद्धातला. साताऱ्याचा एक जवान फ्रान्सला लढायला जातो, जखमी होतो, तिथल्या नर्सचा त्याच्यावर जीव जडतो, आणि इकडे गावात त्याची बायको वाट बघत असते. अशी सगळी भानगड. डायरेक्टर बाई होती. नाव सोलेन. गावानं आठ दिवसांत तिची सुलनबाई केली. पिक्चरचं खरं नाव फ्रेंचमध्ये आहे, ते म्हणताना आमच्या सरपंचांची कवळी सटकली, तेव्हापासून तो नुसता 'सुलनबाईचा पिक्चर'. तिचं बोलणं आम्हाला आणि आमचं तिला सांगायला सौमित्र नावाचा वाईचा पोरगा होता. वाईचा असल्यामुळे त्याचं मराठीसुद्धा आम्हाला थोडं फ्रेंचच वाटायचं, पण पोरगा गुणी.

सुलनबाईनं माळावर लाकडाचं खोटं स्टेशन उभं केलं. आमच्या गावाला खरं स्टेशन कधी मिळालं नाही, खोटं मिळालं. त्यात जवान लढाईवर निघालेत आणि गावच्या बाया त्यांना निरोप द्यायला आल्यात, असा सीन होता. मामंजींना पोरांना परेड शिकवायला घेतलं होतं, आणि आम्हा बायकांना फलाटावर उभं राहायला.

तर त्या जवानाचं काम करणारा मुंबईचा देखणा पोरगा डब्याच्या खिडकीतून हात काढून ओरडला, "अंजनाऽऽ!"

म्हणजे पिक्चरमधल्या बायकोचं नाव. झालं! सगळ्या फलाटभर बायकांनी तोंडाला पदर लावले. खुसखुस सुरू. आत्याबाई तर मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई! चारचौघांत बायकूचं नाव घेतंय की ह्ये!"

सुलनबाईनं काम थांबवलं. काय झालं, का हसल्या, म्हणून विचारलं. सौमित्रनं सांगितलं, की त्या काळात, आणि इथं अजूनही, वयस्कर नवराबायको एकमेकांचं नाव घेत नाहीत.

बाई म्हणाली, "मग इतक्या गर्दीत तो आपल्या बायकोला हाक कशी मारणार?"

आत्याबाई पुढे झाल्या. "कशी म्हंजे? अगं ए म्हनायचं."

मग पोरानं "अगं ए!" केलं, आणि फलाटावरच्या सगळ्या बायका गर्रकन वळल्या. मी वळले. सत्तरीची साळूबाई वळली, जिचा नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली. सुलनबाई पोट धरून हसली. पण तिची नजर घारीची. तिनं आत्याबाईंकडे बोट केलं. या एकट्या वळल्या नव्हत्या.

"तुम्ही का नाही वळलात?"

"म्या कशापाय वळू? माझ्या मानसाचा आवाज हाय व्हय त्यो?" आणि मग सोडतात कसल्या! सौमित्रला म्हणाल्या, "तिला इचार गा, तिकडं त्या नर्सबर त्येचं जमतंय म्हंतासा, मग हिकडं हाक कुनाला मारतोय ह्यो?"

सौमित्रनं भीतभीत विचारलं. बाई हळू काहीतरी बोलली. सौमित्र म्हणाला, "आजी, त्या म्हणतात, तेच शोधायला त्यांनी पिक्चर काढलाय."

"मग लवकर शोधा म्हनावं," आत्याबाई म्हणाल्या.

त्याच दिवशी दुपारी सुलनबाईनं मामंजींना तंबूत बोलावलं. त्या पोराच्या तोंडी मामंजींची हाक घालायची होती. आवाज घेताना पाखराचाही आवाज नको म्हणून आम्हाला सगळ्यांना ओढ्यापलीकडे पिटाळलं. मामंजी तंबूतून बाहेर आले ते मिशीत हसत. आत्याबाईंनी घरी येईपर्यंत दम काढला नाही.

"काय म्हणला ओ आत?"

"म्हणलो कायतरी."

"अगं ए म्हणला?"

"न्हाई."

"मग?"

"पिक्चर बघ, म्हंजे कळंल."

"सांगा की!"

"लगीन झाल्यापास्नं तुला एक गोष्ट लपवून ठिवाय गावली न्हाई. ही एक तरी ठिवू दे गं."

हा माणूस इतकं लाडिक बोलू शकतो, हे मला माहीतच नव्हतं. आत्याबाई त्या रात्री भाकरी थापताना स्वतःशीच हसत होत्या, आणि दोन भाकऱ्या करपल्या.

आणि वैशाखात मामंजींना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हातपाय हळूहळू परत आले, काठी घेऊन चालायला लागले, वाचा मात्र नाही. सगळं समजायचं, पण तोंडातून बाहेर पडायचं एकच. चहा दिला, च्यायला. देवापुढे उभं केलं, च्यायला. जयराजचा फोन आला, पोरगा तिकडे हुंदके द्यायला लागला, आणि मामंजी इकडून डोळे पुसत, "च्यायला, च्यायला." आत्याबाईंना त्याची लाज वाटायची आणि तेवढ्याचाच आधारही वाटायचा.

मी त्यांना कधी रडताना बघितलं नाही. एकदा फक्त गोठ्यात शेण काढता काढता मला म्हणाल्या, "रेश्मा, नवरा मिळाला त्यो रजेपुरता. वरसातनं दोन म्हैनं. रिटायर झाल्याव दिसभर अगं ए, चष्मा कुठाय, अगं ए, पानी आन. मी वैतागायची गं. म्हनायची, किती हाका मारतासा! आता घर कसं खायाला उठतंय. माझं काय न्हाई, त्यो एक आवाज तेवढा मला ऐकायचाय. पिक्चरात तरी."

म्हणून ती ट्रेलर कानाला लावायची तऱ्हा. मी सौमित्रला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, खरं सांगू? पिक्चर पॅरिसमध्ये कापतायत. काय ठेवलंय, काय काढलंय, सोलेन मॅडमनाच माहीत. आणि आजोबा काय बोलले ते मला माहीत आहे, पण मी तोंड उघडलं तर कंपनी माझ्यावर केस करेल. सही घेतलीय माझी." दिवाळीनंतर सांगलीत लागणार, एवढंच तो छातीठोक सांगू शकत होता.

"काढला असंल तर?" आत्याबाईंनी विचारलं. मी ट्रेलर पुन्हा लावून फोन त्यांच्या हातात दिला.

बोलायचे व्यायाम करून घ्यायला आम्ही दर आठवड्याला मामंजींना सांगलीला न्यायचो. तिथली वल्लरी म्हणून डॉक्टर मुलगी, वय माझ्याएवढंच, पण चिकाटी म्हणाल तर म्हशीची. गणपती बसायच्या आधीच्या त्या फेरीत ती म्हणाली, "काकांना घरात नावानं हाक मारता का?"

आम्ही दोघींनी जमिनीकडे बघितलं.

"माणसाला स्वतःचं नाव फार आतून ओळखू येतं. मागेही सांगितलं होतं मी. मोठ्यानं, नावानं हाक मारा. तुम्ही काय म्हणता?"

"मामंजी," मी म्हणाले.

"आणि गावातले लोक?"

"अप्पा."

"आजी, तुम्ही?"

"आमी… आमी आवं म्हंतो."

वल्लरीनं कपाळाला हात लावला, मग स्वतःच हसली. "मी तरी काय, काका म्हणते! चला आजी, तुम्ही एकदा घ्या नाव."

आत्याबाई लाल झाल्या. "उखान्यात घेतलंय, गुंडारावांचं म्हनून. तसलं निस्तं नाव? नवऱ्याचं नाव घेतल्यालं चांगलं नसतंय बाई. त्येचं आयुष्य कमी हुतंय. ह्यातनं वाचल्यात तेवढं पुरे. मला पाप लावू नगंस."

मी म्हणाले, "आत्याबाई, असं काही नसतंय."

"तुज्या नवऱ्याचं तू घे की मग! उठता बसता जया जया करतीस, म्हनून बॉर्डरीव असतंय माझं लेकरू!"

मला लागलं, पण बाईच्या काळजातून आलेलं होतं ते. मामंजी खुर्चीत बसून आमच्याकडे आळीपाळीनं बघत होते. वल्लरीनं पुढचा विषय काढला.

घरी जायला सांगली स्टँडवर आलो. गौरीगणपतीची गर्दी, माणसाला माणूस चिकटलेलं. मामंजी काठी टेकत मुतारीकडे गेले. आत्याबाई पिशवी धरून बाकावर बसल्या. मी समोर भडंग घ्यायला गेले. सांगलीला येऊन भडंग न नेता गेलं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. सातारा गाडी जिथं लागली होती तिथं तेवढ्यात दुसरी लाल गाडी येऊन उभी राहिली, आणि आमची पलीकडे सरकवली. मामंजी मुतारीतून आले, आपल्या नेहमीच्या जागी लागलेल्या गाडीत चढले, आणि खिडकीला बसले.

ती गाडी जतची होती.

मी भडंगाचे पुडे छातीशी धरून वळले, तर गाडी मागं घेत होते आणि खिडकीत मामंजी! पाठ ताठ, तोंड समोर. फोन आत्याबाईंच्या पिशवीत. तिकडे जतला उतरले तर हा माणूस कोणाला काय सांगणार? कंडक्टरनं विचारलं, कुठं जायचं, तर हे सांगणार, च्यायला! मार खाल्ला असता हो.

मी ओरडले, "मामंजी! ओ मामंजी!" माझा आवाज माझ्याच कानाला ऐकू आला नाही. पण आत्याबाईंनीही बघितलं होतं. गुडघ्यांचं दुखणं विसरून त्या गाडीमागं पळत सुटल्या.

"आवंऽऽ! आवंऽऽ!"

स्टँडवरचे सगळे पुरुष वळले. पोतं डोक्यावर घेतलेला वळला, पेपर वाचणारा वळला, स्टँडवरचा पोलीस वळला, आणि कंट्रोलरनं केबिनमधून डोकं बाहेर काढलं. एक मामंजी सोडून. त्यांना कळायचं तरी कसं, जगातली कुठली बाई कुणाला आवं म्हणतेय ते! गाडी फिरली, तोंड गेटकडे झालं, ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

आत्याबाई थांबल्या. एक क्षण थांबल्या, तो मी बघितला. मग हातातली पिशवी टाकून दिली, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी त्यांना भान नव्हतं, आणि शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक घालावी तशी त्यांनी बेंबीच्या देठापासून हाक घातली,

"गुंडाऽऽऽ! ए गुंडाऽऽऽऽ!"

खिडकीतलं डोकं हललं. मामंजी उभे राहिले. चालत्या गाडीत, काठीशिवाय, टाचा जुळवून उभे राहिले, आणि आतून आवाज आला,

"हाजिर, साब!"

कसला आवाज म्हणता! चार महिने कुठे दडून बसला होता कोण जाणे. कंडक्टरनं दचकून घंटी मारली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. आतले लोक एकमेकांवर पडले आणि त्यांनी ज्या शिव्या दिल्या त्यांत च्यायलासुद्धा होतं.

लोकांनी मामंजींना धरून उतरवलं. आत्याबाई पुढे झाल्या आणि भर स्टँडवर नवऱ्याच्या छातीवर दोन्ही मुठी मारायला लागल्या. "कुठं निघाला हुता? आं? जतला काय सासरवाडी हाय तुमची? मला सोडून कुठं निघाला हुता?" आणि मग जे रडू वैशाखापासून आत तुंबलं होतं ते सगळं बाहेर आलं. मीही रडत होते. भडंगाचा एक पुडा फुटून सगळा फलाटावर सांडला होता. मामंजी अर्ध्या तोंडानं हसत होते.

मला उलगडा नंतर झाला. आख्ख्या जन्मात या माणसाला नुसतं गुंडा म्हणून हाक कोणी मारली होती? एक आईनं, ती केव्हाच गेली. आणि एक पलटणीनं, रोज सकाळी हजेरीला. आम्ही सगळे मामंजी, अप्पा, आवं करत मान देत बसलो. त्यांच्या नावापाशी जाऊन दार वाजवलंच नाही कुणी.

सातारा गाडीत बसल्यावर मी वल्लरीला फोन लावला. ती तिकडे किंचाळलीच. "पुन्हा हाक मारा! आत्ताच मारा! थांबू नका!"

आत्याबाईंनी ऐकलं. पदर कपाळापर्यंत ओढून घेतला होता. अशी नव्या नवरीसारखी लाजलेली बाई मी पहिल्यांदाच बघत होते.

"चारचौघांत घेतलं गं नाव," म्हणाल्या. "त्यात ए म्हणलं."

"बरं झालं घेतलंत. न घेता बसला असतात, तर एवढ्यात हे जतला पोचले असते."

"त्येंचं आयुष्य कमी झालं असंल का गं?"

"बघा की त्यांच्याकडे."

मामंजी खिडकीतून ऊस बघत होते. गालावर रंग आला होता. आत्याबाईंनी बघितलं, नीट बघितलं.

मी म्हणाले, "आता पिक्चरची काळजी सोडा. सौमित्रला परत फोन करून विचारू का, आवाज ठेवलाय का म्हणून?"

"नगं. त्यांचा पिक्चर हाय, त्यास्नी गोड लागंल ते ठिवतील." आणि लगेच बोट उगारून म्हणाल्या, "पर जायाचं हां. पयल्याच दिशी. मधल्या रांगंत. ह्यांनी आत काय म्हणलंय ते मला कळाय नगं? आनि त्या नर्सचं काय झालं ते बी बघायचंय. गरीब वाटली ती पोरगी."

"तुम्ही कुठं बघितली? कानानं?"

"चोंबडी!" त्यांनी मला कोपर मारलं.

आष्टा मागं पडलं. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. शेजारी बांगड्या वाजल्या. आत्याबाई मामंजींच्या बाजूला सरकल्या असाव्यात.

"गुंडा," त्या हळूच म्हणाल्या.

"हाजिर."

पुन्हा बांगड्या वाजल्या.

"गुंडा."

"हाजिर."

असं किती वेळ चाललं, मी मोजलं नाही. शेवटी मी डोळा किलकिला केला, तर पुढच्या सीटवरच्या बाईनं मागं वळून बघितलं होतं. म्हातारी एवढी एकेरी हाक मारतेय म्हटल्यावर तिला वाटणारच.

"भाऊ का ओ तुमचा?"

"न्हाई बाई," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी पदर नीट केला, मान वर केली. "माझं मालक हायती."